तैहोकूचे विमान : एकास बहात्तर मापातली चौकशी

१८ ऑगस्ट १९४५ रोजी दुपारी तैहोकू, म्हणजे आजच्या तैपेईच्या विमानतळावर काय घडले, यावर आपल्या देशात तीन सरकारी चौकशा झाल्या. १९५६ ची शाहनवाज खान समिती, १९७० मध्ये नेमलेला न्यायमूर्ती खोसला आयोग आणि १९९९ मध्ये नेमलेला न्यायमूर्ती मुखर्जी आयोग. पहिल्या दोघांनी सांगितले की नेताजी सुभाषचंद्र बोस त्या अपघातात भाजून त्याच रात्री वारले. तिसऱ्याने सांगितले की असे झालेच नाही. मे २००६ मध्ये तो तिसरा अहवाल संसदेपुढे आला आणि सरकारने तो स्वीकारला नाही. या तिन्ही चौकशांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. साक्षीदार खरे की खोटे, कोणत्या कागदावर कोणाची सही, अस्थी कोणाच्या, यावर वाद झाले, सभा झाल्या, फैजाबादच्या गुमनामी बाबांपर्यंत आणि उत्तर बंगालातल्या शौलमारी आश्रमापर्यंत लोक जाऊन आले. मात्र ज्या वस्तूभोवती हे सगळे फिरते, ते विमान कसे होते, त्यात माणूस कुठे बसत असे, त्यातून बाहेर कसा पडत असे, हा प्रश्न आपल्याकडे कोणी फारसा विचारलेला माझ्या वाचनात आला नाही.

मी तो प्रश्न विमान बांधून विचारायचे ठरवले. खरे विमान अर्थातच नाही. प्लास्टिकच्या भागांचा संच मागवून एकास बहात्तर मापात केलेली प्रतिकृती.

हा छंद पोरकट वाटेल म्हणून दोन शब्द. दिवाळीत आपल्या अंगणात जो मातीचा किल्ला होतो, तोही प्रतिकृतीच असते. राजगडाच्या तीन माच्या हाताने थापून पाहिलेल्या मुलाला त्या गडाचा वेढा का कठीण होता हे जितके कळते, तितके ते वाचून कळत नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गाडीचा रूळ कसा बदलतो हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. हाताला कळलेली गोष्ट निराळी असते. माझा इतिहासाचा अभ्यास विद्यापीठात झालेला नाही, तो असाच हाताने आणि जुन्या अहवालांच्या पानांवरून झाला आहे.

विमानाचे नाव मित्सुबिशी की-२१. 'की' हे 'कितई' या जपानी शब्दाचे आद्याक्षर, अर्थ विमानाचा सांगाडा. जपानी भूसेनेच्या दफ्तरी हे '९७ प्रकारचे जड बॉम्बफेकी विमान'. यातले ९७ म्हणजे जपानी राजशकाचे २५९७ वे वर्ष, आपले १९३७. पहिले उड्डाण १८ डिसेंबर १९३६ चे. पुढच्या आठ वर्षांत अशी २०६४ विमाने बनली, त्यांतली १७१३ मित्सुबिशीने आणि उरलेली नाकाजिमा कंपनीने बांधली. सुरुवातीला चीनवर, मग मलाया, ब्रह्मदेश आणि बंगालवर त्यांनी बॉम्ब टाकले. दोस्त सैन्याने जपानी विमानांना सोपी ख्रिस्ती नावे ठेवली होती. बॉम्बफेकी विमानांना बायकांची. याला आधी 'जेन' म्हटले. ते जनरल मॅकआर्थर यांच्या पत्नीच्या नावाशी मिळतेजुळते निघाले, म्हणून बदलून 'सॅली' केले. युद्धातही साहेबाच्या घरचा मान राखावा लागतो.

कलकत्त्याच्या जुन्या माणसांना हे विमान नावाने नाही तर आवाजाने माहीत होते. २० डिसेंबर १९४२ च्या रात्री शहरावर पहिले बॉम्ब पडले आणि नाताळच्या आठवड्यात ते पुन्हा पुन्हा पडत राहिले. नुकसान फार मोठे नव्हते, पण भीती एवढी पसरली की लाखो माणसे शहर सोडून गावाकडे निघाली. त्यानंतर जानेवारीत रडार बसवलेली ब्यूफायटर विमाने डमडमला आली. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री आर्थर प्रिंग नावाच्या सार्जंटने काही मिनिटांत तीन 'सॅली' पाडल्या, आणि चार दिवसांनी क्रॉम्बी नावाच्या वैमानिकाने, स्वतःचे विमान पेटलेले असताना, आणखी विमाने पाडली. मग रात्रीचे हल्ले थांबले. ५ डिसेंबर १९४३ ला दिवसाढवळ्या खिदिरपूरच्या गोदीवर मोठा हल्ला झाला आणि गोदीतले कितीतरी मजूर मेले.

हे सांगण्याचे कारण असे की नेताजींच्या स्वतःच्या शहरावर ज्या जातीच्या विमानाने बॉम्ब टाकले, त्याच जातीच्या विमानात त्यांचा शेवटचा प्रवास झाला. याचा अर्थ काय लावायचा तो ज्याने त्याने लावावा. मला एवढेच दिसते की ते विमान माणसे वाहून नेण्यासाठी नव्हते. पुढचे सगळे या एका गोष्टीतून निघते.

आता बांधणीकडे येतो. की-२१ चे मुख्य दोन प्रकार. पहिल्या प्रकाराची इंजिने लहान. दुसऱ्या प्रकाराला प्रत्येकी सुमारे १५०० अश्वशक्तीची, चौदा सिलिंडरची 'हा-१०१' इंजिने. शेवटच्या फेरीचे विमान दुसऱ्या प्रकारातले होते, सगळ्या अहवालांत '९७-२' असाच उल्लेख येतो. या दुसऱ्या प्रकारातही 'अ' आणि 'ब' असे दोन पोटभेद. 'अ' च्या पाठीवर काचेची लांब कौलारू झाकण होती. 'ब' मध्ये ती काढून शंकूसारखा तोफेचा मनोरा बसवला. त्या मनोऱ्यात बसलेला तोफची सायकलसारखे पायडल मारून तो फिरवत असे. दोस्तांच्या हेरखात्याला हे दुसरेच विमान वाटले आणि त्यांनी काही काळ त्याला 'ग्वेन' असे वेगळे नावही देऊन टाकले. संख्येने 'ब' जास्त बनली, म्हणून मी मनोऱ्याचे विमान निवडले. बाजारात सहज मिळणारे चांगले संच बहुतेक पहिल्या प्रकाराचे असतात आणि दिसायला देखणेही असतात, पण इंजिनाचा घेर आणि पाठीची काच दोन्ही वेगळी. मला हवा होता तो दुसऱ्या प्रकाराचा संच युरोपातून यायला अडीच महिने लागले.

खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा २२.५ मीटर, लांबी १६ मीटर. बहात्तराने भागले की पसारा ३१.२५ सेंटिमीटर आणि लांबी सव्वाबावीस सेंटिमीटर. साधारण उघडलेल्या गाथेएवढे. माणूस १७० सेंटिमीटरचा धरला तर उभा २३.६ मिलिमीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटरला थोडा कमी. गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसला तर सव्वा सेंटिमीटर. थर्मोकोलच्या तुकड्यांची अशी तेरा माणसे मी कापली आणि रंगवली.

तेराच का? साक्षींमध्ये आकडा बारा किंवा तेरा येतो. चार-पाच चालक आणि आठ प्रवासी. प्रवाशांत क्वांटुंग सेनेचे उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल शिदेई हे सर्वांत वरचे. विमान मुळात त्यांच्यासाठी मांचुरियातल्या दाइरेनकडे निघाले होते. बाकी साकाई, नोनोगाकी, कोनो, ताकाहाशी, अराई हे जपानी अधिकारी. उरलेले दोघे नेताजी आणि कर्नल हबीबुर रहमान.

ते दोघेच का, हेही विमानाच्या पोटाशीच जोडलेले आहे. १६ ऑगस्टला नेताजी सिंगापूरहून बँकॉकला आले. तिथली जबाबदारी त्यांनी जगन्नाथराव भोसल्यांवर ठेवली. हे भोसले सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे, आझाद हिंद फौजेचे मेजर जनरल, पुढे रत्नागिरीतून लोकसभेवर गेले आणि केंद्रात उपमंत्री झाले. १७ ला सकाळी नेताजी सायगावला पोहोचले तेव्हा सोबत सहा जण होते. जपान्यांनी सांगितले, जागा एकच आहे. बऱ्याच रदबदलीनंतर दोन झाल्या. रहमान चढले, आझाद हिंद सरकारचे प्रसिद्धिमंत्री एस. ए. अय्यर, आबिद हसन, देबनाथ दास आणि बाकीचे धावपट्टीवर राहिले. अय्यरांचे त्या दिवसांवरचे पुस्तक १९५१ मध्ये मुंबईतच छापले गेले. ज्यांना वाटते की जागेचा हा बहाणा होता आणि नेताजींना एकटे पाडण्याचा डाव होता, त्यांना मी एवढेच सांगेन की ती तेरा थर्मोकोलची माणसे त्या पोटात बसवून पाहावीत. चौदावे बसत नाही असे नाही, पण तेरावे बसवतानाच चिमटा हातातून सुटतो.

त्या पोटाची रचना वाचकांनी नीट डोळ्यांसमोर आणावी. विमानाचे नाक काचेचे. तिथे निशाण साधणारा पालथा पडून काम करी. त्यामागे दोघे चालक शेजारी शेजारी. त्यांच्यामागे बिनतारी संदेशवाला. मग विमानाचा मधला भाग येतो, आणि इथेच खरी अडचण. की-२१ चे पंख अंगाच्या वरही नाहीत आणि खालीही नाहीत, मधोमध आहेत. दोन्ही पंखांना जोडणारी तुळई विमानाच्या पोटातून आडवी जाते. तिच्या खाली बॉम्बचे कोठार. घरात मधल्या खोलीला कमरेएवढा उंबरठा असावा तसा हा प्रकार. बॉम्ब टाकणाऱ्या पथकाला त्याचे काही वाटत नसे, कारण उड्डाणात पुढचा माणूस मागे क्वचितच येई. तुळईमागे तोफच्यांची जागा, निमुळते होत जाणारे अंग, मोजक्या खिडक्या आणि मागचे दार. प्रवासी या मागच्या भागात. त्यांना खुर्च्या नव्हत्या. फळीवर, जमिनीवर, जिथे टेकता येईल तिथे बसायचे.

संचात हा मधला भाग अर्धामुर्धाच दिला होता. बंद झाल्यावर कोणाला दिसणार नाही म्हणून कंपन्या तो गाळतात. तुळई मी प्लास्टिकच्या पट्टीची केली. तिला जी वजन कमी करणारी भोके असतात, ती पाडायला इथल्या एका तुळशीमाळा करणाऱ्याकडून मणी विंधायची बारीक सळई आणली. काशीकापडी समाजातली ही मंडळी पिढ्यान्पिढ्या ज्या मापाची भोके पाडतात, ते माप विमानाला नेमके लागू पडले. पंढरपुरात राहण्याचे असेही फायदे असतात.

तर या पोटात माणसे बसवल्यावर कळते ते असे. साक्षींनुसार नेताजी पंखाच्या थोडे मागे बसले होते आणि त्यांच्या जवळ पेट्रोलची टाकी होती. रहमान त्यांच्या पाठीमागे. विमान आदळले, दोन तुकडे झाले, आग लागली. शिदेई आणि मुख्य वैमानिक ताकिझावा जागीच गेले. नेताजी शुद्धीवर होते, मोठी जखम नव्हती, पण अंग पेट्रोलने भिजले होते. दोघे मागच्या दाराकडे वळले तर सामान ढासळून दार अडलेले. मग ते पुढून, आगीतून बाहेर पडले. बाहेर येईपर्यंत नेताजींच्या कपड्यांनी पेट घेतला होता.

पुष्कळ वर्षे शंका घेणारे विचारत आले आहेत: माणूस आगीकडे का पळेल? मागे का नाही? आणि रहमान एवढे कमी कसे भाजले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकृती उघडी ठेवली की समोर दिसते. मागचा भाग शेपटाकडे निमुळता होतो. तिथे दारावर पेट्या पडल्या तर बाजूने निघायला वाट नाही, ओढून काढायला उभे राहायला जागा नाही. उरते ती पुढची फुटलेली बाजू. तिकडे जायचे तर आडवी तुळई ओलांडायची, तीही टाकीच्या शेजारून. माणूस वाकून, हातपाय टेकून ती ओलांडतो. एका झेपेत नाही. भिजलेल्या कपड्यांनिशी आगीत थांबावे लागलेले ते दोन-तीन क्षणच जीवघेणे. दुसऱ्या प्रश्नालाही याच जागेवर अर्धे उत्तर मिळते. टाकीजवळ बसलेला भिजतो, त्याच्या मागचा कमी भिजतो. त्या पोटात एका माणसाचे अंतर म्हणजे फार मोठे अंतर. पेट्रोलने भिजलेले कापड आणि कोरडे कापड यांत आगीपुढे जो फरक पडतो, तो स्टोव्ह पेटवणाऱ्या कोणत्याही घरात माहीत आहे.

आता वजनाचा विचार. तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. सायगावलाच विमान जास्त भरल्याची तक्रार होती. नेताजींच्या सामानात फौजेसाठी जमलेल्या दागिन्यांच्या जड पेट्या होत्या. जळून वितळलेले त्यांचे अवशेष पुढे भारतात आणले गेले. १७ च्या संध्याकाळी निघून विमान रात्री तुरान, म्हणजे व्हिएतनाममधल्या दानांगला उतरले. तिथे बंदुका आणि काही सामान उतरवून ते हलके केल्याचे साक्षीत येते. तरीही ते खरोखर किती जड होते?

प्रतिकृतीत लांबी बहात्तर पटीने लहान होते, पण वजन बहात्तरच्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पटीने कमी होते. पूर्ण भरलेल्या 'ब' विमानाचे कमाल वजन १०,६१० किलो. या मापात ते जेमतेम २८ ग्रॅम. साठ किलोचा माणूस ०.१६ ग्रॅम. आमच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे चार-पाच दाणे म्हणजे एक माणूस. सगळे विमान, इंधनासकट, म्हणजे लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढी ज्वारी. प्लास्टिकची प्रतिकृती याहून बरीच जड होते, म्हणून तोल पाहायला ती उपयोगाची नाही. मी बांबूच्या कामटीचा सव्वाबावीस सेंटिमीटरचा दांडा केला, पंखाच्या जागी टेकू दिला आणि दाणे मांडत गेलो.

आठ प्रवासी म्हणजे ४८० किलो. हे विमान हजार किलोपर्यंत बॉम्ब घेऊन उडत असे. नुसत्या वजनाचा हिशेब केला तर प्रवासी आणि सामान मिळून बॉम्बच्या ओझ्याएवढेच होते. पण बॉम्ब बसतात तुळईखाली, विमानाच्या तोलाच्या बिंदूवर. माणसे आणि पेट्या बसल्या त्याच्या मागे. आठ जणांना सरासरी चार मीटर मागे बसवले तर तोलाचा बिंदू सुमारे अठरा सेंटिमीटर मागे सरकतो. कामटीवर हे अडीच मिलिमीटर भरतात, आणि दांडा तेवढ्यानेही शेपटाकडे झुकलेला दिसतो. या विमानाच्या पंखाची सरासरी रुंदी तीन मीटरच्या थोडी वर. म्हणजे सरकणे रुंदीच्या सहा टक्के. कोणत्याही विमानाला तोल मागेपुढे व्हायची जी मुभा असते ती अशी थोड्या टक्क्यांचीच. सामान यात धरलेले नाही. शिवाय तैहोकूहून दाइरेन सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर, तेही बहुतेक समुद्रावरून. म्हणजे टाक्या भरून घेतल्या असणार. हे विमान उडू शकत नव्हते असे मी म्हणत नाही. सायगाव आणि तुरान दोन्हीकडून ते उडाले होते. सगळे सुरळीत असेपर्यंत ते उडणार होते, आणि काही बिघडले तर त्याला सावरायला जागा नव्हती, एवढेच मी म्हणतो.

आणि बिघडले. तैहोकूला थांबले असताना डाव्या इंजिनाविषयी शंका आली होती, वैमानिकाने ते तपासून, चालवून पाहिले, असे तिथल्या देखभालीच्या अधिकाऱ्याने नंतर सांगितले. दुपारी अडीचच्या सुमारास विमान निघाले. जपान सरकारने स्वतः केलेल्या चौकशीचा जानेवारी १९५६ चा अहवाल साठ वर्षे बंद होता, तो २०१६ मध्ये उघड झाला. त्यात म्हटले आहे की सुमारे वीस मीटर उंचीवर डाव्या पंखाच्या पंख्याच्या तीन पात्यांपैकी एक तुटले आणि इंजिन निखळून पडले.

तीन पात्यांचा पंखा घरच्या छताच्या पंख्यासारखाच. एक पाते वाकडे झाले तर छताचा पंखा कसा थरथरतो, हे सर्वांनी पाहिले आहे. इथे पाते पूर्ण गेले, आणि पंख्याला हजार-पंधराशे घोड्यांचा जोर लावलेला. उरलेली दोन पाती आपल्या बाजूला ओढतात आणि इंजिनाची बैठक काही क्षणांत उखडते. उडताना इंजिन गळून पडले हे ऐकायला अतर्क्य वाटते, म्हणून काहींनी तोच पुरावा खोटेपणाचा मानला. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मात्र तुटलेल्या पात्यानंतर घडू शकणारी ती अगदी ओळखीची गोष्ट आहे. आता कामटीकडे परत पाहा. दोन्ही इंजिने तोलाच्या बिंदूच्या पुढे बसवलेली असतात. त्यातले एक गेले की पुढचे शेकडो किलो वजन गेले, म्हणजे आधीच शेपटाकडे झुकलेला दांडा आणखी झुकला. नाक वर गेले की वेग मोडतो, वेग मोडला की पंख हवा धरत नाहीत. त्यात एका बाजूचे इंजिन पूर्ण जोरात ओढते आहे आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अशा वेळी वैमानिकाला एकच गोष्ट वाचवू शकते, ती म्हणजे उंची. नाक खाली घालून वेग घ्यायचा.

वीस मीटर म्हणजे प्रतिकृतीच्या मापात पावणेअठ्ठावीस सेंटिमीटर. मी टेबलावर पट्टी उभी करून विमान त्या उंचीवर धरले. पंखांचा पसारा सव्वाएकतीस. म्हणजे विमान जेवढे रुंद, तेवढेही ते जमिनीपासून वर नव्हते. एका कुशीवर पूर्ण कलले असते तर पंखाचे टोक आणि जमीन यांत काही मीटरच उरले असते. ताकिझावा कितीही निष्णात असला तरी त्याच्या हातात काही नव्हते.

उंचीबद्दल साक्षी जुळत नाहीत हे खरे आहे. खाली उभ्या असलेल्यांनी थोडी सांगितली, आतल्यांपैकी कोणी पुष्कळ जास्त. यावरून कथा बनावट ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोजक्या खिडक्यांच्या नळीत, जमिनीवर बसून, तोंड आडवे करून जो प्रवास करतो, त्याला उंची कळणार कशी? उलट तेरा जणांच्या हकिकती दहा वर्षांनी मिलिमीटरने जुळल्या असत्या, तर मी जास्त साशंक झालो असतो.

प्रतिकृती काय सांगू शकत नाही, तेही मांडायला हवे. त्या दिवशी तिथे विमान पडलेच नाही, असे कोणी म्हटले तर प्लास्टिकच्या विमानाकडे त्याला उत्तर नाही. मुखर्जी आयोगाचा भर यावरच होता. तैवानकडून त्या दिवशीच्या अपघाताची नोंद मिळाली नाही. पण १८ ऑगस्टला तैवान जपानच्या ताब्यात होते. शरणागती होऊन तीनच दिवस झालेले, बेटाचा कारभार चीनकडे गेला तो २५ ऑक्टोबरला. हरलेल्या लष्कराच्या त्या दोन महिन्यांतल्या दफ्तरांकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. नोंद नसणे आणि घटना नसणे यांत अंतर आहे. पंढरपूरच्या वाऱ्यांतल्या किती पटकीच्या साथींची नावनिशी कुठे सापडते? मुखर्जींनी साक्षीदारांवर घेतलेल्या काही शंका मात्र मला रास्त वाटतात, विशेषतः दहनाच्या कागदांवरच्या. तो विषय माझ्या टेबलाच्या बाहेरचा.

टेबलावर जे आहे त्यापुरते माझे मत असे : बसण्याची जागा, अडलेले दार, पुढून बाहेर पडणे, एकाचे जास्त आणि एकाचे कमी भाजणे, जास्तीचा भार, पाते तुटून इंजिन निखळणे, थोड्या उंचीवरून कोसळणे, ही सगळी सांगितलेली माहिती या एका विशिष्ट विमानाच्या घडणीशी जुळते. दुसऱ्या विमानाशी ती इतकी जुळली नसती. खाली पंख असलेल्या प्रवासी विमानात ती तुळईच वाटेत आली नसती. १९५६ मध्ये दिल्लीला येऊन साक्ष देणाऱ्या हबीबुर रहमानांनी जर हे सारे रचले असेल, तर त्यांना विमानाचा नकाशा पाठ होता असे मानावे लागेल. ते पायदळाचे अधिकारी होते.

रंगाविषयी थोडे. वरून गडद हिरवा, पोटाला करडा. चैत्र-वैशाखात इथे रंग फवारला की पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच हवेत सुकतो आणि वाळूसारखा बसतो. म्हणून ते काम मी श्रावणातल्या सकाळींना केले. चिन्हाचा प्रश्न अवघड होता. शरणागतीच्या वाटाघाटींसाठी निघालेल्या जपानी विमानांना पांढरा रंग देऊन हिरवे क्रूस काढायला लावले होते, आणि असली पहिली विमाने १९ ऑगस्टला उडाली. आपले विमान आदल्या दिवसाचे, आणि ते काही वाटाघाटीला निघाले नव्हते. म्हणून पंखांवर लाल सूर्यच ठेवला. सरकार शरण गेलेले, सैन्य अजून जागच्या जागी, आणि पंखावर जुनेच चिन्ह. ते तीन दिवस असेच होते.

उजवी बाजू चिकटवलेली नाही. दोन बारीक चुंबकांवर ती उघडते आणि आतली तेरा माणसे दिसतात. नेताजींच्या तुकड्याला मी खाकी रंग दिला आहे, रहमानांचा त्याच्या मागे. शेजारी पावणेअठ्ठावीस सेंटिमीटरची पट्टी उभी आहे. शाळेची मुले पाहायला येतात तेव्हा पहिला प्रश्न मनोऱ्यातल्या तोफेचा असतो, दुसरा बहुधा टोकियोच्या रेंकोजी मंदिराचा, कारण तिथे सप्टेंबर १९४५ पासून ठेवलेल्या अस्थींविषयी त्यांनी वाचलेले असते. त्या अस्थी भारतात आणाव्यात आणि त्यांची डीएनए तपासणी करावी, असे नेताजींच्या कन्या अनिता बोस फाफ अनेक वर्षे सांगत आल्या आहेत. मुले विचारतात, अजून का आणल्या नाहीत? मी त्यांना पट्टी दाखवतो, दार दाखवतो, तुळई दाखवतो. मंदिराचे उत्तर दिल्लीकडे आहे.